चाळणीतलं ऑर्किड

तर आधी हे ऐका, मग मिसळ मागवा, कारण मिसळ आली की विनीत ऐकत नाही. मी फिल्डवर गेले. हो, ऑफिशियली. टी-शर्ट मिळालाय, पाठीवर पान छापलेलं. पण ते कसं झालं ते आधी ऐका, कारण त्यात माझं काहीच नाही असं प्राची म्हणणार आहे, आणि अर्ध्यापर्यंत ती बरोबर पण असेल.

तुम्हाला माहितीये मी ठाण्यात त्या झाडं भाड्याने देणाऱ्या कंपनीत लागलेले. ऑफिसं, दवाखाने, बिल्डरांच्या लॉब्या, सगळीकडे आमची झाडं. आजारी पडली की आम्ही उचलतो, दुसरी ठेवतो. आणि मी काय करायचे, तर फोन घ्यायचे. दिवसभर. "मॅडम, पान पिवळं पडलंय." "मॅडम, पानाला ठिपके आलेत." "मॅडम, पान गेलं." गेलं म्हणजे कुठे गेलं, हे पण विचारायची सोय नाही. मला ती झाडं हातात घेऊन बघायची होती यार. बॉटनी करून मी काय लोकांच्या पानांचं वर्णन ऐकत बसायचं? तर फिल्डची एक जागा निघाली. एकच. आणि मागणारे आम्ही दोघं, मी आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा राकेश.

आमच्या स्वप्ना मॅडम सरळ आहेत एकदम. इंटरव्ह्यू वगैरे नाही. एका डेंटिस्टच्या क्लिनिकमधून दोन आजारी ऑर्किडं परत आलेली, एक मला दिलं, एक राकेशला. म्हणाल्या, "घरी न्या. याला काय झालंय ते शोधा आणि बरं करा. गणपतीच्या आधी बघते. ज्याचं जगेल तो फिल्डवर."

माझ्या ऑर्किडला तेव्हा पाच पानं होती. जाड, लांब, आणि सगळी अशी सुरकुतलेली, मऊ पडलेली, जसं आपण खूप वेळ कपडे धुतले की बोटं होतात ना, तशी. आत पारदर्शक प्लॅस्टिकची कुंडी, त्यात नारळाच्या सालीचे तुकडे, आणि बाहेरून शोभेची पांढरी कुंडी. मी ते मांडीवर घेऊन लोकलने दिव्याला घरी आणलं आणि खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवलं.

आईने बघितलं आणि पहिला प्रश्न, "फूल कुठाय?"

"आई, ते आजारी आहे."

"मग घरी कशाला आणलंस?"

आजी मात्र एकदम जवळ जाऊन बघत होती. आमची आजी, हौसाबाई, माणदेशातली. तिकडे लहानपणी तिने पाण्यासाठी काय काय केलंय ते ती रोज सांगते, आणि मग लग्न होऊन, म्हातारी होऊन, शेवटी राहायला आली कुठे, तर दिव्यात. इथे पण पाण्याची बोंबच. म्हणजे नशीब बघा. तिने पानाला बोट लावलं आणि म्हणाली, "लई वाळलंय गं लेकरू."

आता मला पण तेच वाटलेलं. पान सुरकुतलं म्हणजे तहान. पण मी शिकलेली ना, मी म्हटलं, घाई नाही करायची, आधी निदान. मी त्याच रात्री वरच्या सालीत बोट घालून बघितलं, कोरडं. मग आठवड्यातून एकदाच, मोजून, थोडं पाणी घातलं. पानं आणखी सुरकुतली. मग वाटलं हवेत ओलावा कमी. मी शेजारी ताटलीत खडे ठेवले, पाणी ठेवलं, बाटलीने फुसफुस फवारलं. आणखी सुरकुतली. मग वाटलं ऊन लागतंय, तर आईची जुनी ओढणी खिडकीला बांधली. आई म्हणाली, "शेजारचे विचारतात तुमच्यात कोण बाळंत झालंय."

मग एका ॲपवर फोटो टाकला. ॲप म्हणालं, कोबी आहे आणि तब्येत उत्तम आहे.

विनीत, हसू नकोस, मी रडकुंडीला आलेले.

कारण तिकडे राकेश रोज ऑफिसच्या ग्रुपवर फोटो टाकत होता. त्याच्या ऑर्किडची पानं अशी चकाचक, म्हणजे त्यात चेहरा दिसेल. खाली लिहायचा, "गुड मॉर्निंग फ्रॉम माय बेबी." मॅडम अंगठा द्यायच्या. मी घरी येऊन माझ्या बेबीकडे बघायचे तर ते आजीसारखं दिसत होतं.

मग सगळ्यात खालचं पान पिवळं पडलं, आणि बुडाशी तपकिरी, पिचपिचीत. मी म्हटलं, सापडलं, बुरशी. बुरशीला दालचिनी लावतात, हे खरंय, थट्टा नाही, पूड लावली तर जखमेवर बुरशी धरत नाही. तर मी डब्यातली सगळी दालचिनी कुटली आणि पानाच्या बुडाशी लावली. संध्याकाळी आईने मसालेभात करायला घेतला.

"दालचिनी कुठे गेली?"

"झाडाला लावली."

"आणि लवंग?"

"लवंग नाही लावली."

"मग ती पण लाव. तमालपत्र लाव. कुकरच लाव त्याला."

दुसऱ्या दिवशी ते पान गळालं. मग दुसरं. मग तिसऱ्याने पण मान टाकली. आणि घरात एक वास यायला लागला, गटारासारखा. आईला वाटलं खालच्या मजल्यावर कोणीतरी सुकट टाकलीय. मला वाटलं मोरी तुंबलीय. आजी म्हणाली, "मला तर काय वास येत न्हाय बाई," पण आजीला सर्दी होती.

तर एका शनिवारी सुट्टी होती मला. तिसरं पान कुंडीच्या मागे पडलं, ते काढायला मी घरी आणल्यापासून पहिल्यांदा ती कुंडी उचलली. हो प्राची, पहिल्यांदा. मला माहितीये उचलायला पाहिजे होती. मी पानांची डॉक्टर झालेले ना, बुडाकडे बघणार कोण.

ती उचललीच जाईना. म्हणजे केवढीशी कुंडी, आणि वजन असं की आत कोणीतरी वीट ठेवलीय. मी जोर लावला, आणि आतून आवाज आला, डुबुक. मी हलवलं, परत डुबुक. मी तिरकी केली तर काळं, वासाचं पाणी भसकन माझ्या पायावर.

आजी आतून धावत आली. मला वाटलं झाडासाठी आली.

"पानी सांडलंस?"

"आजी, यात पाणी कुठून आलं?"

"नळातनं. आनि कुठनं येणार?"

"पण मी एवढं घातलंच नाही."

"तू कशाला घालशील, तू ठान्यात असतीस. पानी येतं दुपारी." आजी फडकं घेऊन पुसायला बसली. "पानी आलं की मी आधी पिंप भरते, मग हंडा, मग बादल्या, मग तुझं हे. रिकामं भांडं कशापायी ठिवायचं?"

आता समजलं का? तुम्ही डोंबिवलीवाले, तुमच्याकडे नळ सोडला की पाणी येतं, तुम्हाला नाही समजणार. आमच्याकडे पाणी आलं ना की घरातलं खोलगट जे जे आहे ते सगळं भरायचं असतं. मी लहानपणी शाळेतून आले की माझा डबा पण धुऊन भरून ठेवलेला असायचा. तर ऑर्किडची कुंडी पण आजीच्या लाइनीत लागलेली, बादल्यांच्या नंतर.

मी म्हटलं, "पण आजी, खाली भोकं आहेत त्याला. पाणी वाहून जायला पाहिजे."

आजी पुसायची थांबली. माझ्याकडे असं बघितलं, जसं मीच बिचारी फसलेय.

"भोकं व्हती. धा-बारा. तुझ्या कंपनीनं गळकं भांडं दिलं तुला, पोरी. तू नवीन हाईस म्हनून. म्या पिंपाचं एमसील उरलं व्हतं, त्यानं बुजवली. आता थेंब गळत न्हाय."

मी आतली कुंडी वर काढून उलटी करून बघितली. एक एक भोक, इतक्या सफाईने बुजवलेलं, वर बोट फिरवून गुळगुळीत केलेलं. आमच्या सोसायटीच्या टाकीला पण एवढं चांगलं काम नाही झालेलं. आणि सालींवर पांढरा थर.

"हे पांढरं काय?"

"तुरटी. मातकट येतं पानी, म्हनून जरा फिरवली."

तर मित्रांनो, माझं ऑर्किड तहानलेलं नव्हतं. ते बुडत होतं. आणि यातली गंमत बघा, म्हणजे तेव्हा गंमत नव्हती वाटली, पण मुळं सडली ना की ती पाणी ओढूच शकत नाहीत. म्हणून पानं सुकतात. म्हणजे पाण्यात गळ्यापर्यंत उभं आहे आणि दिसतंय तहानलेलं. आणि आपण बघतो, अरेरे, सुकलंय, घाला अजून पाणी. दिव्यात, जिथे आम्ही भाजी धुतलेलं पाणी टाकत नाही, तिथे मी एक झाड पाण्यात बुडवून मारत होते.

मी तिथेच ऑपरेशन काढलं. पेपर पसरला, कात्री गॅसवर तापवली, झाड बाहेर काढलं. मुळं तपकिरी, पोकळ, दाबली की साल हातात आणि आत दोरा. ती सगळी कापली. आजी समोर पाटावर बसून बघत होती आणि प्रत्येक मुळाला "आई गं" म्हणत होती. घट्ट, चांगली मुळं शेवटी तीनच उरली. कापलेल्या टोकांना दालचिनी, आता बरोबर जागी, आणि ती पण शेजारच्यांकडून मागून आणलेली. आता लावायचं कशात? एमसीलवाली कुंडी तर कामातून गेली. मी ओट्यावरची तांदूळ धुवायची प्लॅस्टिकची चाळणी घेतली, त्यात कोरडी नवी साल आणि कोळशाचे तुकडे घातले आणि झाड बसवलं.

आजी उठून उभी राहिली. "चाळनीत?"

"हो."

"आगं, समदं पानी जाईल."

"जायलाच पाहिजे."

"मग घालायचं कशाला?"

"घालायचंच नाही. काही दिवस तरी एक थेंब नाही."

आजीने आईला हाक मारली. "शालन, तुझी पोरगी त्या लेकराचे पाय कापून वर पानी बी तोडाय लागलीय."

आई म्हणाली, "चाळणी माझी होती," आणि आत गेली.

तर आता माझ्याकडे दोन पानांचं, तीन मुळांचं ऑर्किड होतं, आणि घरात आजी होती. दुसऱ्या दिवशी मी पकडलं तिला, चमच्याने पाजत होती. मी ओरडले. मग तिने चमचा सोडला आणि ओला कापूस ठेवला. कापूस काढला, तर बर्फाचा तुकडा. म्हणे, "ह्यो काय पानी न्हाय." मी तिला पुस्तकातलं सगळं सांगितलं, मुळांना हवा लागते, श्वास लागतो, साल कोरडी व्हायला लागते. ती मान हलवायची आणि मी चप्पल घातली की परत चमचा. चप्पल घालून मी दाराबाहेर उभं राहून बघितलं ना, म्हणून माहितीये.

मग मी एकदा चिडूनच म्हटलं, "आजी, त्याला पचत नाहीये पाणी. मुळं म्हणजे त्याचं पोट आहे आणि ते पोट सडलंय. तू वरून ओततेस, ते कसं पचवणार?"

आजी चमचा हातात घेऊन थांबली.

"पोट बिघडलंय?"

"हो."

"मग तसं सांग की. इतके दिस निस्ती पानं पानं करतीस. पोट बिघडलंय तर लंघन दे."

मी म्हटलं, "काय?"

"लंघन. तोंड बंद. तुझ्या आज्याला दिलं व्हतं, विषमज्वरात. भाकर मागत व्हता, म्या दाराला कडी घालून बाहेर बसले." मग एकदम डॉक्टरसारखी, "सोडायचं कधी?"

आता मी काय सांगणार? मी तिला मुळं दाखवली. चाळणीच्या जाळीतून छान दिसतात. म्हटलं, हे बघ, मूळ हिरवं दिसतंय तोपर्यंत त्याच्यात पाणी आहे. चांदीसारखं पांढुरकं झालं की मग थोडं घालायचं.

"म्हंजी जीभ," आजी म्हणाली. "जीभ बघून सोडायचं. आमच्यात बी तसंच."

आणि त्या दिवसापासून जे सुरू झालं ना. मी फवारायची बाटली उचलली की आजी, "ठिव खाली." शेजारच्या रमाबाई आल्या, ग्लासातलं उरलेलं पाणी त्यात घालायला गेल्या, तर आजीने त्यांचं मनगट धरलं. त्या अजून बोलत नाहीत नीट. दुपारी पाणी आलं की आजी आधी चाळणी उचलून कपाटावर ठेवायची, मग नळ सोडायची, म्हणजे शिंतोडा नको. आणि दर सकाळी चष्मा लावून जीभ बघायची. एकदा मूळ खरंच पांढरं झालं तर मला वाटलं घालावं पाणी, तर आजी म्हणे, "अर्धीच पांढरी हाय. उद्या." मला माझ्याच झाडाला पाणी घालायला परवानगी नव्हती.

पण दोन्ही पानं हळूहळू ताठ व्हायला लागली हं. सुरकुत्या पूर्ण गेल्या नाहीत, त्या जातच नाहीत, पण दाबलं की घट्ट. आणि मध्ये नव्या पानाचं टोक आलं, नखाएवढं. तरी मला टेन्शन होतंच. दोन पानं आणि चाळणी घेऊन मी कुठे, आणि राकेशचं चकाचक कुठे.

गणपतीच्या आधीच्या रविवारी मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. आम्हाला दोघांना एकत्र. "दाखवा."

आधी राकेश. त्याने कॅमेरा फिरवला आणि मॅडम पुढे वाकल्या. पानं चकाचक होती, पण मधोमध मोठे तपकिरी, कोरडे चट्टे, आणि कडा काळ्या.

"राकेश, ही पानं भाजलीयत."

"मॅडम, फोटोला लाइट चांगला यावा म्हणून गच्चीवर ठेवायचो थोडा वेळ."

"आणि चमकतायत का एवढी?"

"तेल लावायचो मॅडम. शाइनसाठी."

"कसलं?"

"खोबऱ्याचं."

मॅडम म्हणाल्या, "ऊन दिलंस, तेल दिलंस. मोहरीच राहिली फक्त." आणि मग, "शिवानी?"

मी चाळणी समोर धरली. मॅडमनी पानं मोजली. मग म्हणाल्या, "दोन पानं?"

"हो मॅडम. मुळं सडलेली. कापली. आता तीन आहेत."

"सडली कशाने?"

"पाण्याने."

"बरं. थोडं पाणी घाल, निचरा बघू."

आता मुळं तर हिरवीगार होती, आदल्या दिवशीच घातलेलं. मला माहिती होतं घालायला नको. पण समोर मॅडम, शेजारी राकेशचा चेहरा, फिल्डची जागा, मी काय नाही म्हणणार? मी ग्लास उचलला. आणि स्क्रीनच्या कडेने एक हात आला, हिरव्या बांगड्यांचा, आणि चाळणीवर झाकणासारखा बसला.

"आज न्हाय," आजी म्हणाली. "जीभ हिरवी हाय."

मॅडम म्हणाल्या, "कोण आहे ते?"

"माझी आजी आहे, मॅडम. आजी, हात काढ."

"न्हाय काढत. तुझ्या बाईला सांग, लंघन चालू हाय."

"आजींना समोर घे," मॅडम म्हणाल्या.

आजीने पदर नीट केला आणि मोबाइलच्या इतक्या जवळ आली की मॅडमना फक्त कपाळ दिसत असणार. मॅडमनी विचारलं, "आजी, आधी पाणी तुम्ही घालत होतात का?"

मी मागून मान हलवत होते, नाही म्हण, नाही म्हण.

"तर. रोज. गळ्यापर्यंत. भोकं बी म्याच बुजवली. तुमचं भांडं गळकं व्हतं, बाई. राग नका मानू."

मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, संपलं, आता आयुष्यभर फोन.

पण मॅडम म्हणाल्या, "आणि आता का नाही घालत?"

"पोट बिघडलंय म्हनून सांगितलं हिनं. आधी सांगितलं असतं तर आधी सोडलं असतं. आजाऱ्याला कोन वरनं ओततं?"

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "शिवानी, त्या क्लिनिकमध्ये कार्ड लावलंय आपण. पाणी घालू नका, म्हणून. लॅमिनेट करून. तिथल्या मावशी त्या कार्डावरूनच पाणी ओततात, म्हणजे साल बाहेर उडत नाही. नवीन ऑर्किड ठेवलंय, त्याचं पण पान मऊ पडायला लागलंय. उद्या तू जा."

"मी? म्हणजे फिल्डवर?"

"टी-शर्ट ऑफिसमधून घे."

राकेश म्हणाला, "मॅडम, आणि मी?"

"तू फोन घे. कोणी तेल लावतो म्हणालं तर तुला अनुभव आहे."

तर सोमवारी मी गेले. नवा टी-शर्ट, बॅग, एकदम रुबाबात. रिसेप्शनवर ऑर्किड, पान खालून सुरकुतायला लागलेलं. या वेळी मी पानाला हात पण नाही लावला, आधी कुंडी उचलली. जड. तुळसा मावशी काउंटर पुसत होत्या, तिरक्या नजरेने माझ्याकडे बघत. आंबिवलीहून येतात. त्यांना वाटलं परत कार्ड लावायला आलेय कोणीतरी.

मी म्हटलं, "मावशी, यात पाणी कोण घालतं?"

"कोणी नाही."

"ओलं आहे."

"ते, पेशंट चूळ भरून अर्धा ग्लास तसाच ठेवतात ना. चांगलं फिल्टरचं पाणी, बेसिनमध्ये ओतायचं जिवावर येतं." मग लगेच, "पण ते सुकलंय म्हणूनच घालते हां. बघा ना पान."

मी म्हटलं, "मावशी, सुकलं नाहीये. पोट बिघडलंय त्याचं. पाणी पचत नाहीये."

त्यांनी फडकं खाली ठेवलं. ऑर्किडकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग हे आधी कोणी सांगितलं का नाही? नुसतं कार्ड लावून जातात."

तेवढ्यात आतून एक माणूस बाहेर आला, दाढ काढलेला, अर्धं तोंड बधिर, हातात अर्धा ग्लास. आणि रोजचंच असल्यासारखा सरळ कुंडीकडे. तुळसा मावशी काउंटरच्या मागून कशा पोचल्या मला कळलं नाही, पण पोचल्या आणि दोन्ही हात कुंडीवर.

"ओ दादा, इकडे नाही. लंघन आहे त्याला."

मी तर लंघन शब्द उच्चारला पण नव्हता. त्या माणसाने ग्लास मागे घेतला, ऑर्किडकडे बघितलं, आणि त्या बधिर तोंडाने "फॉरी" म्हणाला.